गोदाकाठची 'गोदावरी': आधी वजन, मग लाकूड

वसमतचे एक गणिताचे शिक्षक विचारतात: "मला आयएनएस गोदावरीचं रेडिओ कंट्रोलवर चालणारं मॉडेल करायचं आहे, लांबी सव्वा मीटरच्या आसपास. किट नको, सगळं शून्यापासून. घरी ड्रिल, करवत, सोल्डरिंग आयर्न आहे, लेथ नाही. सुतारकाम बऱ्यापैकी येतं. सुरुवात कुठून करू? आणि हे आपल्या भागात चालवायचं कुठे?"

सर, जहाजाचं नाव वाचूनच बरं वाटलं. ज्या नदीच्या घाटावर आम्ही पोहायला शिकलो तिच्या नावाची फ्रिगेट, म्हणजे मधल्या आकाराची युद्धनौका, माझगाव डॉकमध्ये बांधली गेली, १० डिसेंबर १९८३ ला नौदलात आली आणि बत्तीस वर्षांनी, २३ डिसेंबर २०१५ ला निवृत्त झाली. दोन सी किंग हेलिकॉप्टरं वागवणारी, आपल्या माणसांनी आराखडलेली नौका. ती नांदेडच्या पाण्यात चालताना बघायची इच्छा मलाही आहे. तरी सांगतो, पहिली बोट म्हणून ती घेऊ नका. सुतारकाम अवघड आहे म्हणून नव्हे, कारण वजनाच्या हिशेबात आहे. तुम्ही गणिताचे आहात, तेव्हा हिशेबच मांडतो.

खरी गोदावरी १२६.५ मीटर लांब, १४.५ मीटर रुंद, पूर्ण भारासह ३,८५० टन. १:१०० प्रमाण घेतलं तर लांबी शंभरपट कमी होते, पण वजन शंभराच्या घनाने, म्हणजे दहा लाखपट कमी होतं. मॉडेल १२६ सेंटिमीटर लांब आणि वजन फक्त ३ किलो ८५० ग्रॅम. त्यातही खरं जहाज खाऱ्या पाण्यात तरंगतं आणि आपलं पाणी गोडं, म्हणजे सुमारे अडीच टक्के हलकं. त्यामुळे वॉटरलाइन, म्हणजे हलच्या बाजूवर पाणी जिथवर येतं ती रेघ, बरोबर जागी यायला अजून शंभरेक ग्रॅम कमी करा. उरले पावणेचार किलो. यात लाकूड, रेझिन, रंग, मोटारी, बॅटरी, रेडिओ सगळं आलं. आणि हे सगळं उभं राहणार साडेचौदा सेंटिमीटर रुंदीवर.

आता बंदरातली टग बघा, मोठ्या जहाजांना ओढणारी छोटी दणकट बोट. तीस मीटर लांब, दहा मीटर रुंद, पाण्याखाली चार मीटर. १:४० ला ती ७५ सेंटिमीटरची होते, रुंदी २५, पाण्याखाली १०. तळाचा आकार गोलसर असतो म्हणून पाण्याखालचं घनफळ या ठोकळ्याच्या साधारण निम्मं धरा: ७५ × २५ × १० × ०.५ म्हणजे ९,३७५ घन सेंटिमीटर. गोड्या पाण्यात तेच ग्रॅम. साडेनऊ किलोच्या आत-बाहेर! गोदावरीपेक्षा अर्ध्या मीटरने आखूड बोट, आणि पेलते अडीचपट वजन. पहिल्या बोटीत प्रत्येकाचं लाकूड जाड होतं, रेझिन जास्त होतं, खड्डे बुजवायची लांबी (पुट्टी) थापली जाते. टग हे सगळं पोटात घालते, वर तिला तळात शिसं हवंच असतं. गोदावरी एक चमचा जास्तीचं रेझिनही पोटात घालत नाही.

म्हणून आधी टग, मग गोदावरी. टगही अशी निवडा की तिचा तळ आणि बाजू यांच्या सांध्याला स्पष्ट कडा आहे. अशा बोटीला फ्रेमवर एकेक अरुंद लाकडी पट्टी चिकटवत बसावं लागत नाही. चार मिलिमीटर प्लायच्या फ्रेम, म्हणजे बोटीच्या आडव्या छेदाच्या फळ्या, आणि त्यांवर दीड मिलिमीटर प्लायचे मोठे तुकडे चढवले की हल, म्हणजे बोटीचं धड, तयार. एका हिवाळ्यात होते. पुढे जे सांगतो ते दोन्ही बोटींना लागू आहे, जिथे फक्त गोदावरीचं असेल तिथे तसं म्हणेन.

पहिली खरेदी लाकडाची करू नका. एक ग्रॅमपर्यंत मोजणारा स्वयंपाकघरातला काटा आणि एक वही घ्या. डावीकडे जे वजन परवडतं ते लिहायचं, उजवीकडे जे प्रत्यक्षात झालं ते. गोदावरीसाठी माझा अंदाज असा: हल ११०० ग्रॅम, डेक आणि वरचं बांधकाम ५००, सहा व्होल्टची साडेचार ॲम्पिअर-तासांची बॅटरी ७५०, दोन मोटारी १५०, शाफ्ट (मोटारीची फिरकी प्रोपेलरपर्यंत नेणारा दांडा), प्रोपेलर आणि सुकाणू २५०, स्पीड कंट्रोलर, रिसीव्हर आणि सुकाणू वळवणारा सर्व्हो मिळून १५०, लांबी आणि रंग १५०. बेरीज ३,०५०. उरलेले सातशे ग्रॅम तळाशी शिशाला. हे सातशे ग्रॅम म्हणजे बोटीचा जीव. हल जड झाला, की तुम्ही ते शिशाकडून उसने घेता आणि बोट डोक्यात जड होते.

नेमकं घनफळ काढायला तुमच्या आठवीच्या मुलांना बसवा. आराखड्यातली प्रत्येक फ्रेम ग्राफ पेपरवर उतरवायची, वॉटरलाइनच्या खालचे चौरस सेंटिमीटर मोजायचे, सगळ्या फ्रेमची बेरीज करून दोन फ्रेममधल्या अंतराने गुणायची. टोकाच्या दोन फ्रेम निम्म्याने धरायच्या. पाच सेंटिमीटर अंतर ठेवलं तर उत्तर पुरेसं अचूक येतं. फळ्यावर घनफळ शिकवण्यापेक्षा हे मुलांना जास्त लक्षात राहतं, मी आयटीआयच्या पोरांकडून हेच करून घेत असे.

गोदावरीचे मूळ आराखडे आपल्या हाती येणार नाहीत. पण ही नौका आधीच्या निलगिरी वर्गावरून वाढवत नेलेली, आणि निलगिरी वर्ग म्हणजे ब्रिटिश लिएंडर फ्रिगेटचाच आराखडा. लिएंडरच्या हलच्या रेषा मॉडेल करणाऱ्यांमध्ये कित्येक वर्षं फिरताहेत. लिएंडर ११३.४ मीटर, तिच्या रुंद आवृत्तीची रुंदी १३.१ मीटर. म्हणजे लांबी आणि रुंदी दोन्ही अकरा-बारा टक्क्यांनी वाढवलं की गोदावरीच्या जवळ पोहोचता. पुढचा उतार आणि मागचा हेलिकॉप्टर डेक फोटो समोर ठेवून दुरुस्त करा.

झेरॉक्सवर फ्रेम मोठ्या करून घेतल्यावर एक चूक सगळे करतात. कागद पातळ फेव्हिकॉलने प्लायवर चिकटवतात. पाण्याने कागद फुगतो, आणि डावी-उजवी बाजू मिलिमीटर-दीड मिलिमीटरने वेगळी होते. रबर सोल्यूशन वापरा, पंक्चरवाल्याकडचं चालतं. दुसरं, फ्रेमच्या रेषेतून बाहेरच्या पट्टीची जाडी वजा केल्याशिवाय करवत लावू नका. ते विसरलं तर रुंदी तीन मिलिमीटरने वाढते आणि सगळा हिशेब चुकतो.

लाकडाबद्दल. बाल्सा मागवू नका, महाग पडतो आणि पाण्याच्या बोटीला त्याची गरज नाही. कणा सहा मिलिमीटर प्लायचा, फ्रेम तीन-चारच्या, मधे पोकळ कापलेल्या. पट्ट्यांसाठी वखारीत जाऊन शिवणीचा किंवा पांगाऱ्याचा सरळ रेषांचा तुकडा मागा. पांगारा तर इतका हलका की सावंतवाडीच्या खेळण्यांना तोच वापरत आले. दीड बाय सहा मिलिमीटरच्या पट्ट्या काढून घ्यायच्या. सागवान फक्त कण्याच्या टोकाला, जिथे मार बसतो तिथे.

गोदावरीचा हल उलटा बांधा, सरळ पाटावर फ्रेम डोक्यावर उभ्या करून. पट्टी लावताना एक डावीकडे, लगेच तिची जोडीदार उजवीकडे. एका बाजूच्या चार पट्ट्या सलग लावल्या तर वाळताना हल पिळवटतो आणि मग तो कशानेही सरळ होत नाही. पुढच्या टोकाला पट्टी वळत नाही म्हणून जोर करू नका. एका टोकाला झाकण लावलेल्या पीव्हीसी पाइपात उकळतं पाणी भरून पट्ट्या वीस मिनिटं ठेवा, ओल्याच फ्रेमवर चिमट्यांनी आवळा, रात्रभर वाळू द्या आणि मगच चिकटवा. कपड्यांचे लाकडी चिमटे शंभर तरी लागतील. डिंक म्हणून पाण्याला टिकणारा फेव्हिकॉल मरीन, मोटारींच्या बैठकीला अराल्डाईट.

वरून पातळ फायबर कापड, साठ-सत्तर ग्रॅम प्रति चौरस मीटरचं, आणि इपॉक्सी. फायबरचं काम करणाऱ्यांकडे मिळते ती चटई साडेचारशे ग्रॅमची असते, ती घेऊ नका, एकट्या तिने हल दीडपट जड होतो. आणि हे काम आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीतच करा. मे महिन्यात बेचाळीस अंशांत इपॉक्सी वाटीतच तापून घट्ट होते, कापडात मुरत नाही. माझी एक बाजू अशीच पांढऱ्या ठिपक्यांची झाली आणि सगळी घासून काढावी लागली. लांबी भरणं आणि घासणं यात मात्र डेंटिंग-पेंटिंगवाल्यांकडे एक दुपार बसून बघा. हाताऐवजी लाकडी ठोकळ्यावर पॉलिश पेपर कसा धरतात, पाणी टाकून चारशे नंबर कसा फिरवतात, हे वाचून येत नाही.

आता ज्या कामात माझ्या मते बोट बनते किंवा बिघडते ते: शाफ्ट. चार मिलिमीटरचा स्टेनलेस दांडा, बाहेर पितळी नळी, दोन्ही टोकांना पितळी बुश. बुश लेथवर करून घ्या आणि लेथवाल्याला स्पष्ट सांगा की दांडा बोटाच्या टिचकीने फिरला पाहिजे, पण हलता कामा नये. नळीच्या मधोमध एक बारीक उभी नळी सोल्डर करा, तिच्यातून इंजेक्शनच्या सिरिंजने ग्रीस भरता येतं. ग्रीसने भरलेल्या नळीतून पाणी आत येत नाही.

मोटार आणि शाफ्ट एका रेषेत आणायची युक्ती अशी. ५४० मापाच्या मोटारीचा दांडा ३.२ मिलिमीटरचा असतो. लेथवाल्याकडून एक पितळी ठोकळा घ्या, एका तोंडाला ३.२ चं भोक आणि दुसऱ्या तोंडाला ४ चं, दोन्ही एकाच अक्षावर. लहान मोटार घेतली तर दांडा मोजून भोक तसं करा. मोटार आणि शाफ्ट या ठोकळ्याने कडक जोडा. आता मोटारीला दुसरी जागाच उरत नाही. तशीच हलमध्ये ठेवा, बैठकीखाली अराल्डाईट भरा आणि एक दिवस हात लावू नका. दुसऱ्या दिवशी ठोकळा काढून त्याच्या जागी युनिव्हर्सल जॉइंट, म्हणजे थोडा वाकूनही फिरणारा सांधा, बसवा. मग मोटार एकटी किती करंट घेते आणि शाफ्टसकट किती, ते मल्टिमीटरवर बघा. फरक किरकोळ असला पाहिजे. शाफ्ट जोडल्यावर करंट दुप्पट झाला तर रेघ चुकली आहे. डोळ्यांना दिसणार नाही, पण कानांना घरघर ऐकू येईल. डेक चिकटवण्याआधी हे दुरुस्त करायला एक संध्याकाळ लागते, चिकटवल्यावर बोट फोडावी लागते.

स्पीड कंट्रोलर पुढे-मागे दोन्हीकडे चालणारा घ्या. विमानाचा घेऊ नका, त्याला रिव्हर्स नसतो आणि बोट काठावर आदळते. बोट हौदात दोरीने बांधून पूर्ण वेगात करंट मोजा, कंट्रोलर त्याच्या दुप्पट क्षमतेचा असू द्या. गोदावरीला दोन शाफ्ट आहेत. दोन कंट्रोलर लावलेत तर रिसीव्हरकडे जाणारी एकाची लाल तार काढून ठेवा, नाहीतर दोघांचे पाच-पाच व्होल्ट एकमेकांशी भांडतात. मोटारीचा खरखराट रेडिओत जाऊ नये म्हणून प्रत्येक मोटारीवर १०४ नंबरचा कपॅसिटर सोल्डर करा. २.४ गिगाहर्ट्झचा रेडिओ पाण्याखाली पोहोचत नाही, म्हणून रिसीव्हरची अँटेना वॉटरलाइनच्या वर, शक्य तितकी उंच. फेलसेफ लावून ठेवा, सिग्नल तुटला की मोटार बंद. खर्चाचा मोठा वाटा रेडिओ आणि कंट्रोलरला जाईल, तिथे काटकसर नको. बाकी सगळं वखारीतून, भंगारातून आणि लेथवाल्याकडून होतं.

वरच्या बांधकामाला लाकूड अजिबात नको. फ्लेक्स छापणाऱ्यांकडे सनबोर्डचे, म्हणजे फोमसारख्या प्लास्टिकच्या पाट्यांचे, कापलेले तुकडे पडलेले असतात, हलके, सरळ, चाकूने कापले जाणारे. बारीक कामाला जुनी एटीएम कार्डं, पाऊण मिलिमीटर जाड. रेलिंग १:१०० ला सेंटिमीटरभर उंच येतं. त्याला मोटार रिवाइंडिंगवाल्याकडची तीस गेजची तांब्याची तार, जाडी ०.३ मिलिमीटर. गावोगाव विहिरींच्या मोटारी जळतात, त्यामुळे ही तार आपल्याकडे कुठेही मिळते. आधी पॉलिश पेपरने वार्निश खरवडा, नाहीतर सोल्डर धरत नाही.

हा सनबोर्डचा आग्रह मला माझ्या दुसऱ्या बोटीने शिकवला. प्रवासी लाँच होती. केबिन सागवानी, रेलिंग पितळी, बघणारा हात फिरवल्याशिवाय राहत नसे. घाटावर पहिल्याच दिवशी पूर्ण वेगात वळवली. ती बाहेरच्या बाजूला कलली, क्षणभर तशीच थांबली आणि परत आलीच नाही. छातीएवढ्या पाण्यातून एका भोईदादाने ती काढून दिली. घरी वाळल्यावर तुकडे वेगवेगळे तोलले. सव्वाचार किलोच्या बोटीत तेराशे ग्रॅम नुसती केबिन. सनबोर्डची नवी केबिन साडेचारशेत झाली. उरलेले साडेआठशे ग्रॅम शिसं म्हणून कण्यावर गेलं, वजन तेवढंच राहिलं. ती बोट आजही चालते.

तेव्हापासून हौदात ही परीक्षा घेतल्याशिवाय मी बोट बाहेर नेत नाही. सगळं सामान, बॅटरी, रंगसुद्धा झाल्यावर डेकची कड बोटाने दाबून सोडायची आणि पाच झोके घड्याळावर मोजायचे. या मापांच्या बोटींना एक झोका, म्हणजे जाऊन येणं, साधारण एका सेकंदाचा हवा. पाच झोक्यांना पाच-सहा सेकंद लागले तर उत्तम. दहा लागले तर बोट आळसावलेली आहे, वारा आला की लोळेल. शिसं खाली घाला किंवा वरचं वजन उतरवा. शिसं टायरच्या दुकानात मिळतं, चाकांच्या बॅलन्सिंगचे जुने तुकडे. आधी सुटं ठेवून बघा, जागा ठरल्यावर चिकटवा. आणि पुढच्या-मागच्या पोकळीत थर्माकोल भरा. गोदावरीत बॅटरी, शिसं आणि धातू मिळून दोन किलोच्या घरात जातात, तेव्हा किमान दोन लिटर थर्माकोल म्हणजे पाणी भरलं तरी तळाला जाणार नाही. इपॉक्सी थर्माकोलला चालते, पॉलिस्टर रेझिन त्याला विरघळवून टाकतं.

वेगाचंही एक गणित आहे. एकोणिसाव्या शतकात विल्यम फ्रूड या इंग्रज अभियंत्याने मॉडेल पाण्यात ओढून दाखवलं की वेग प्रमाणाच्या वर्गमुळाने कमी करायचा. गोदावरीचा वेग २७ नॉट. शंभराचं वर्गमूळ दहा, म्हणजे मॉडेलला २.७ नॉट, ताशी पाच किलोमीटर. काठाने झपझप चालणाऱ्या माणसाइतका. तेवढ्याच वेगात पुढच्या टोकाशी उठणारी लाट खऱ्या फोटोसारखी दिसते. जास्त पळवली की ती खेळणं दिसते. टगला ताशी साडेतीन किलोमीटर पुरे.

चालवायचं कुठे? नाथसागर मनातून काढून टाका. जायकवाडी पक्षी अभयारण्य आहे, हिवाळ्यात तिथे रोहित (फ्लेमिंगो) येतात. शिवाय वारा सुटला की पाच सेंटिमीटरची लहर उठते, १:१०० च्या बोटीला ती पाच मीटरची लाट. नांदेडला गोदावरीच्या पात्रात जलपर्णी असते, तिची मुळं प्रोपेलरला गुंडाळतात आणि मोटार जळते. पात्र स्वच्छ दिसेल त्या दिवशीच, सकाळी वारा उठण्याआधी. धरणांवर परवानगीशिवाय जाऊ नका. सगळ्यात सोयीचं म्हणजे ओळखीच्या शेतकऱ्याचं शेततळं, तीस बाय तीस मीटरचं, ना प्रवाह ना जलपर्णी. पण सर, हे मी हात जोडून सांगतो: शेततळ्याच्या प्लास्टिकवरून पाय घसरला की पोहणाऱ्यालाही वर येता येत नाही. मराठवाड्यात त्यात किती लेकरं गेली आहेत हे तुम्हाला माहीत आहे. बोट बंद पडली तर पडू द्या. वारा तिला काठाला आणतो. नाही आणली तर लांब दोरीला टेनिसचा चेंडू बांधून बोटीपलीकडे फेका आणि ओढा. पाण्यात कोणी उतरायचं नाही. काठावर गाठी मारलेला दोर आणि हवा भरलेली ट्यूब बांधून ठेवल्याशिवाय मुलांना नेऊ नका.

हंगाम दसऱ्यापासून होळीपर्यंत. पुढे पाणी आटतं, आणि आटलेल्या पाण्याशी खेळायला मला आवडत नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आलं. त्या उन्हाळ्यात मी एकही बोट पाण्याला लावली नाही, नुसत्या पट्ट्या तासत बसलो. उन्हाळा त्याच कामाचा. लाकूड कोरडं असतं, चिकटतं छान. पावसाळ्यात अर्धवट हल उघडा ठेवू नका, आतून-बाहेरून इपॉक्सीचा एक हात दिल्याशिवाय तो फुगतो.

आता दिवाळीच्या सुट्टीत टगच्या फ्रेमच्या झेरॉक्स काढा आणि ग्राफ पेपरवर मुलांना बसवा. प्रत्येक फ्रेमचे चौरस सेंटिमीटर आणि दोन फ्रेममधलं अंतर मला लिहून पाठवा. माझं उत्तर आणि मुलांचं उत्तर दोनशे ग्रॅमच्या आत जुळलं, की प्लाय आणायला जा.